लोहारीण आणि बैरागी

बल्लारपूर
१३ नोव्हेंबर २०२४

प्रिय संघपालदादा,
जय भीम.

तुझ्या कॅम्पवर टावर नाई म्हून शेवटी कागद घेऊन बसली. मोठी आई म्हणाली, पोराले फोन लागत नाई तर पत्र टाक, धानोऱ्याच्या पोस्टात पत्र आलं की आठवड्याच्या रेशनच्या गाडीसोबत तुझ्यापर्यंत पोचते. पोचलं तर कळव. शाळा सोडल्यापासून एवढं हातानं लिहिलं नाई, बोटं दुखून राह्यली.

काल मी परत हरली. तिसऱ्यांदा, आणि तिन्ही वेळा त्याच प्रफुलकडून. तू फॉरेस्टगार्ड होऊन गेला, त्याच्यानंतर बापूरावभाऊच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात काय चाललं ते तुले माहीत नसन, म्हून सांगते. बापूरावभाऊनं यंदा त्याले परत घेतलं. चार वर्षं जटपुरा गेटच्या त्या गल्लीत पाय ठेवू दिला नाई, आणि आता खुर्ची देतात. तो मोहर्लीले सफारीची जिप्सी चालवते. मंगळवारी ताडोबा बंद रायते, तर मंगळवारी चंद्रपूरले येते, आणि आपली स्पर्धाही मंगळवारीच. मी सेतू सेंटरवरून अर्धी सुटी टाकून बल्लारपूरहून जाते ते काय याच्यासाठी? हरायले?

गेममध्ये मी हातोडेवाली लोहारीणच घेतली होती, तू शिकवल्यासारखी. त्याचा तोच बैरागी, काठीवाला. हरली, दादा. पहिला राउंड हरली, दुसऱ्यात माझी जिवाची पट्टी संपली तेव्हा त्याची अर्धीही गेली नव्हती. मागं उभे होते ते पोट्टे हसले. मी हरली यापेक्षा त्याच्याकडून हरली याचा राग येते. तुले त्यानं फसवलं होतं. कंट्रोलरमध्ये एका दाबात धडाधड वार काढणारी चिप टाकून खेळला होता, तू पकडलं होतं, सगळ्या चंद्रपूरले माहीत आहे.

१८ फेब्रुवारीले निवड आहे. एकच जण नागपूरच्या मोठ्या स्पर्धेले जाईन. आई म्हणते हा शेवटचा हिवाळा, मग पोलीस भरतीचं पाहाय. मी सेंटरवर लोकायचे फॉर्म भरता भरता टेबलावर बोटं आपटत बसते. जेवताना आई माझा हात धरून ठेवते. तू सांग, काय करू.

तुझी,
पुनम


कॅम्प, धानोऱ्याच्या पुढे
२४ नोव्हेंबर २०२४

पुनम,
जय भीम.

पत्र भेटलं. आमचा वारलू, इथला चौकीदार, त्याले वाटलं घरी कोणी वारलं म्हून कागद आला. मी हसलो तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. हरली हे तू पाच वेळा लिहिलं. काय झालं ते एकदाही नाई. फोन असता तर तू रडली असती आणि मी उगी उगी म्हटलं असतं. म्हून कागदच बरा. मी धानोऱ्याले रेंजमध्ये आलो तरी फोन नाई करणार. तू लिही. लिहायसाठी माणसाले आठवा लागते.

सगळ्यात पहिले, पडद्यावर तू आपल्या लोहारीणले पाहणं सोड. ती कुठी आहे ते तुझ्या हाताले माहीत आहे. डोळे बैराग्यावर ठेव. दुसरं, माणूस खाली पडला की उठताना काय करते ते मोज. कोणी उठता उठता लाथ मारते, कोणी मागं सरकते, कोणी नुसता अडवून बसते. पट्टी भरलेली असली की लोक हुशारी करतात. पट्टी संपत आली की सवय करतात. त्याची सवय शोध. पहिला राउंड जिंकायचा नाई, विचारायचा. इथी मारलं तर काय करते? जवळ जाऊन नुसती उभी राह्यली तर काय करते? दुसऱ्या राउंडात त्याची उत्तरं वापरायची.

आणि फसू नको. चांगला खेळणारा तुझी एक लाथ दोनदा मुद्दाम खाते. तुले वाटते लागून राह्यली. तिसऱ्यांदा तू तीच मारते आणि तो वाटच पाहत रायते.

एक वही कर. प्रत्येक राउंड झाला की लिही, कशानं पडली.

इथी धान कापून खळ्यावर पडलं आहे, आणि हत्ती आले आहेत. तेवीस. आम्ही दिवसभर गावागावात सांगत फिरतो की कोठ्यात धान ठेवून बाजूले झोपू नका. लोक ऐकतात आणि तिथंच झोपतात. पाय एका जागी ठरत नाई.

जुन्या गोष्टीत नको पडू. समोरचं पाहाय.

संघपाल


बल्लारपूर
४ डिसेंबर २०२४

प्रिय दादा,
जय भीम.

वही केली. अर्धी भरली पण. तू म्हणतो ते खरं आहे, लोक पट्टी संपत आली की एकच गोष्ट करतात. वरोऱ्याचा तो रोशन आहे नं, मोठ्या बाता करणारा, तो घाबरला की उडी मारते. दरवेळी. मी वहीत अकरा उड्या लिहिल्या. काल खालीच उभी राह्यली, तो उडाला की हातोडा वर. तीन राउंडात संपवला. मले तर खुर्चीवर बसवेना. बाहेर जाऊन गल्लीत चार चकरा मारून आली.

माझी सवयही सापडली. पकड खाल्ली की लगेच मी उडी मारते. मले राग येते म्हून. ते बंद करून राह्यली.

मग प्रफुल. आता बरोबर लिहिते, काय झालं ते.

पहिला राउंड मी विचारला, तू सांगतलं तसा. जवळ गेली, थांबली. तो पण थांबला. मी दोन पावलं मागं घेऊन लांब हातोडा फिरवला, तुझा तो, अर्ध्यात थांबवून दुसऱ्या बाजूनं मारायचा. लागलाच नाई. तो तिथी नव्हताच. मग उठताना मी अडवून बसली, त्यानं पकडलं. पकड सोडवायले गेली, त्यानं पकडलंच नाई, खालून मारलं. जे केलं, ते त्याले आधीच ठाऊक. दुसऱ्या राउंडात तुझा तो कोपऱ्यातला डाव केला, जो मी कोणालेच दाखवला नव्हता. त्यानं तोही अडवला, आणि पडद्यावरून डोळे न काढता म्हणाला, "हे संघपालभाऊचं आहे. तुझं काय आहे?"

हरली.

पण एक गोष्ट सांगते. हरल्यावर मी त्याच्या मागं जाऊन बसली आणि पुढचे चार सामने त्याचे हात पाहिले. तो बटनं इतकी कमी दाबते, की मले वाटलं झोपला का काय. चिप असती तर वार धडाधड पडले असते नं? आणि त्यानं स्वतःचा कंट्रोलर आणलाच नव्हता. बापूरावभाऊच्या टोपलीतला होता, आमच्या सामन्यासाठी तर मीच काढून दिला होता. मग यात चिप कुठी आली? तेव्हा त्यानं नेमकं काय केलं होतं, दादा? मले कळलं तर मी लक्ष ठेवीन.

परवा ६ डिसेंबर, सगळे विहारात जाऊ. मोठी आई विचारत होती तुले सुटी आहे का.

पुनम


कॅम्प
१६ डिसेंबर २०२४

पुनम,

घाईत लिहितो. दोन घरं पाडली हत्तीनं, पंचनामे चालू आहेत. सुटी नाई.

तू फार थांबून राह्यली. प्रफुलसमोर थांबायचं नाई. तो थांबलेल्या माणसाले खाते. पहिल्या सेकंदापासून अंगावर जा. उठू देऊ नको. उठला की हातोडा, परत उठला की परत हातोडा. श्वास घेऊ देऊ नको.

त्याचे हात पाहत बसू नको. चोर तो चोरच रायते. कधी कसं करते ते कोणाले कळते. तू खेळावर ध्यान दे.

संघपाल


बल्लारपूर
२६ डिसेंबर २०२४

दादा,
जय भीम.

तुझं पत्र मी समोर ठेवलं आहे, पहिलंही ठेवलं आहे. पहिलं दोन्ही बाजूनं भरलेलं, हे अर्धंही नाई. मी चार गोष्टी विचारल्या होत्या. तीन सोडून दे. एकच महत्त्वाची होती, तिचं उत्तर तू दिलं नाई आणि 'चोर' लिहिताना एवढं दाबलं की कागद फाटला.

तूच शिकवलं नं, पट्टी संपत आली की माणूस सवय करते. तुझी सवय मले लहानपणापासून माहीत आहे. तू घाबरला की लांबून मारते. मोठ्या बाबांशी भांडण झालं की तू दुसऱ्या खोलीतून बोलायचा.

तरी परवा मंगळवारी मी तू म्हटलं तसं अंगावर गेली. सगळ्यात वाईट हरली. उठला की हातोडा, उठला की हातोडा. त्यानं तीनदा अडवून घेतला, चौथ्यांदा बाजूले सरकला, आणि संपलं. खुर्चीवरून उठताना त्यानं माझ्याकडं पाहिलं. हसला नाई. मले वाटलं, त्याले माझी कीव येऊन राह्यली.

मग मी घरी आली नाई. बापूरावभाऊजवळ बसली. विचारलं, तो तेव्हाचा कंट्रोलर कुठी आहे? म्हणाले, खालच्या कप्प्यात पडला असन. प्लॅस्टिकच्या पन्नीत बांधलेला होता, प्रफुलच्या हातचं नाव पेननं लिहिलेलं. मी म्हटलं, उघडून पाहिला होता का? भाऊ म्हणाले, "संघपालनं सांगतलं, मी मानलं." पाच वर्षं होत आली, एकदाही उघडला नाई.

मी उघडला. आमच्या सेंटरवर पेचकस आहे, तिथी नेऊन. चार स्क्रू. आत धूळ होती. दुसरं काहीच नव्हतं, कुठी टाका मारल्याचीही खूण नव्हती. शेजारच्या मोबाईल दुरुस्तीवाल्यालेही दाखवला. तो म्हणाला, हा कारखान्यातून निघाला तेव्हापासून कोणी उघडलाच नाई.

सेंटरवर दिवसभर माझं मन लागलं नाई. एका बाईच्या फॉर्मवर जन्मतारीख चुकवली, साहेब ओरडले.

दादा, चिप तू पाहिली होती का? हो किंवा नाई, एवढंच लिही.

पुनम


कॅम्प
१० जानेवारी २०२५

पुनम,

नाई.

हे लिहायले आठ दिवस लागले. चार कागद फाडले. वारलू म्हणाला, काय लिहून राह्यला एवढं, फॉरेस्टचा रिपोर्ट का? मी म्हटलं, हो.

ऐक. फेब्रुवारी २०२० ची गोष्ट. प्रफुल दोन वर्षांपासून दुकानात येत होता. मोहर्लीहून यायचा, कोपऱ्यात उभा रायचा, कोणी खुर्ची सोडली तर बसायचा. त्याले मीच बसवलं. मीच शिकवलं. दर मंगळवारी आम्ही दोघं तीन-तीन तास खेळायचो. तुले जे जे शिकवलं, ते सगळं मी त्याच्यासोबत खेळून बनवलं आहे. कोपऱ्यातला तो डाव आम्ही दोघांनी मिळून काढला होता. म्हून तो तुले वाचते. तुले नाई, मले वाचते. तू माझ्या हातानं खेळून राह्यली.

त्या दिवशी फायनल होती, जिंकणारा पुण्याले जाणार होता. दोन-दोन झाले. पाचव्या राउंडात माझी पट्टी जास्त होती आणि मी जिंकून राह्यलो असं मले वाटत होतं. मग मले कळलं की मागचे चार राउंड तो माझी एक-एक गोष्ट मुद्दाम खात होता. पाचव्यात मी जे जे केलं, त्याची तो वाटच पाहत होता. शेवटची पंधरा सेकंदं मी एकही वार लावू शकलो नाई आणि हरलो. सगळं दुकान पाहत होतं. कोणीतरी म्हटलं, चेल्यानं गुरूले धुतलं. लोक हसले.

मी उभा राह्यलो आणि म्हटलं, यानं कंट्रोलरमध्ये चिप टाकली आहे.

का म्हटलं ते मले आजही सांगता येत नाई. तोंडातून निघून गेलं. प्रफुल म्हणाला, उघडून पाहा. पेचकस नव्हता. त्याच वेळी मी म्हटलं असतं की रागात बोललो, तर झालं असतं. मी म्हटलं, उघडून काय होते, काढून टाकली असन. बापूरावभाऊ दुकानाचा मालक, मी त्याचा जुना माणूस, प्रफुल खेड्यातला. त्यानं माझं ऐकलं. प्रफुलनं भांडण केलं नाई, कंट्रोलर तिथंच टेबलावर सोडला. जाताना एवढंच म्हणाला, "संघपालभाऊ, तुम्हाले तर माहीत आहे."

पुण्याले मी गेलो. पहिल्याच सामन्यात सहा मिनिटांत बाहेर पडलो. त्याच्यानंतर कंट्रोलर हातात घेतला नाई. घरी सांगतलं, आता नोकरीचं पाहतो. सगळे खूश झाले. मीही असं वागलो जसं काही मोठं सोडलं.

आता दोन गोष्टी कर. यासोबत दुसरा कागद जोडला आहे. त्यात हे सगळं लिहून सही केली आहे. मंगळवारी दुकानात सगळ्यांसमोर वाचून दाखव. आणि १८ फेब्रुवारीले प्रफुल तुझ्यासमोर आला तर त्याले जाऊ दे. त्याची जागा मी खाल्ली होती. तू जास्त नाई, एक राउंड सैल खेळ. कोणाले कळणार नाई.

तुझा,
संघपाल


बल्लारपूर
१७ जानेवारी २०२५

दादा,

तुझा दुसरा कागद परत पाठवते. घडी मोडली नाई.

मी वाचणार नाई. तू बोलला होता तोंडानं, दुकानात, सगळ्यांसमोर. आता मले पाठवून राह्यला. हे पण लांबूनच झालं.

चौदा तारखेले मंगळवार होता, मी चंद्रपूरले गेली नाई. स्टेशनपर्यंत गेली आणि परत आली. त्याले कसं तोंड दाखवू? मी त्याच्याकडं तीन महिने चोर म्हून पाहिलं. एकदा त्यानं पाण्याची बाटली पुढं केली होती, मी घेतली नव्हती.

मोठ्या आईले मी काही सांगतलं नाई. ते पण तुझंच काम आहे.

पुनम


कॅम्प
९ फेब्रुवारी २०२५

पुनम,
जय भीम.

मी जाऊन आलो. तुले सांगतलं नाई, बल्लारपूरलेही आलो नाई. घरी आलो असतो तर आईच्या हातचं जेवलो असतो आणि मग हिंमत गेली असती.

पाच दिवसांची सुटी घेतली. ३ तारखेले दुपारी मोहर्लीले उतरलो. गेटजवळ चहाच्या टपरीवर बसलो. पर्यटक येऊन-जाऊन राह्यले, मी तीन चहा प्यायलो. मी जंगलात नोकरी करतो, पण त्या गेटकडं पाठ करून बसलो. संध्याकाळी जिप्स्या परत आल्या. प्रफुल पाचव्या जिप्सीत होता. पाहुणे उतरवले, गाडी बाजूले लावली, बादली घेऊन चाकं धुवायले लागला. मी जवळ गेलो. त्यानं पाहिलं आणि चाक धुणं थांबवलं नाई.

मी म्हटलं, प्रफुल, मी खोटं बोललो होतो. तो म्हणाला, माहीत आहे. मी म्हटलं, माफी मागायले आलो. त्यानं नळ बंद केला.

"इथी काऊन मागून राह्यले?" तो म्हणाला. "इथी कोणी मले चोर म्हणत नाई. उद्या मंगळवार आहे. दुकानात या."

मले वाटलं होतं तिथंच संपन. एवढ्या लांबून आलो, हे पुरन. नाई पुरलं. त्या रात्री चंद्रपूरले एका दोस्ताकडं झोपलो. दुसऱ्या दिवशी गेलो. दुकानात अकरा जण होते, पाच-सहा तर मले ओळखतही नव्हते. तू नव्हती. बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

मी उभं राहून सांगतलं. लिहिलेला कागद खिशात होता, काढला नाई. जे आठवलं ते सांगतलं. मध्येच एक पोट्टा सामना खेळत होता, त्यानं आवाज कमी केला. बापूरावभाऊ म्हणाले, त्या कंट्रोलरचे चार स्क्रू मीच काढायले पाहिजे होते. त्यांनी प्रफुलचा हात धरला. प्रफुलनं हात सोडवून घेतला, जोरात नाई, पण सोडवला.

तो माफ केलं असं म्हणाला नाई. पुण्याचं विचारलं फक्त. किती राउंड झाले तिथी? मी म्हटलं, दोन. तो म्हणाला, "दोनच?" आणि खुर्चीवर बसून पुढचा सामना लावला. मी अर्धा तास उभा होतो. मग निघालो.

निघताना म्हणाला, तुमच्या बहिणीले सांगा, मंगळवारी यायचं सोडू नको म्हणा.

परत येताना बसमध्ये हलकं वाटन असं वाटलं होतं. नाई वाटलं. अजूनही झोपेतून उठलो की ते दुकान दिसते. आईले पत्र लिहिलं आहे, वेगळं. ती काय म्हणन ते पाहू.

एक मागणं अजून तसंच आहे, पुनम. १८ तारखेले जाऊ दे त्याले.

संघपाल


बल्लारपूर
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,
जय भीम.

मोठ्या आईनं तुझं पत्र वाचलं. संध्याकाळी परत वाचलं. मग मले विचारलं, त्या पोराची आई आहे का? मी म्हटलं, असन. ती म्हणाली, मोहर्लीले जायले बस किती वाजता आहे. जाईन वाटते ती.

आता १८ तारखेचं. तू सांगतलं तसं बरोबर लिहिते, काय झालं ते.

सोळा जण होते. मी तीन सामने जिंकली, तोही तीन जिंकला. फायनलले आम्ही दोघं. पाच राउंडांतून तीन. बापूरावभाऊनं टोपली पुढं केली, त्यानं कंट्रोलर घेतला, मी घेतला. बसायच्या आधी मी म्हटलं, प्रफुलभाऊ, मी तुम्हाले चोर समजत होती. तो म्हणाला, तुले तसंच सांगतलं होतं लोकांनी. बस.

मी तुझं ऐकणार होती, दादा. हे तुले सांगा लागते. स्टेशनवरून दुकानापर्यंत मी ठरवत गेली. एक राउंड सैल, कोणाले कळणार नाई. त्याची जागा त्याले भेटन, आपल्या घरावरचं ओझं उतरन. पहिला राउंड मी खेळलीच नाई. अडवायचं ते उशिरा अडवलं. एक पकड सोडवता येत होती, सोडवली नाई. मागच्या लोकायले काहीच कळलं नाई. तो राउंड जिंकला.

दुसरा सुरू व्हायच्या आधी त्यानं कंट्रोलर मांडीवर ठेवला. माझ्याकडं वळला. एवढ्या महिन्यांत तो पहिल्यांदा माझ्याकडं वळून बोलला.

"पहिले तुझ्या भावानं मले जिंकू दिलं नाई. आता तू हरू देऊन नाई राह्यली. मी काय करू मग? कधी खेळू?"

हळू म्हणाला. मागच्यांना ऐकू गेलं नसन. माझे कान गरम झाले. मी मान हलवली आणि कंट्रोलर घट्ट धरला.

मग मी खेळली. दुसरा राउंड मी जिंकली, तिसरा तो. त्यात मी तुझा लांबचा हातोडा फिरवला, सवयीनं, आणि त्यानं खाऊन टाकला. तेव्हा ठरवलं, लांबचा हातोडा बंद. तुझं एकही काही करायचं नाई. पण मग करायचं काय? माझ्याजवळ दुसरं काही नव्हतंच. चौथ्यात मी नुसती जवळ जाऊन उभी राह्यली. मारलं नाई, अडवलं नाई, पावलं मोजत राह्यली. तो एक पाऊल मागं गेला. परत गेली, परत तो मागं. मले दिसलं, त्याले काठीले जागा पाहिजे. जवळ कोणी नुसतं उभं रायलं की त्याले काय करावं ते समजत नाई, म्हून तो पाय मारते, लहानसा, खालून. दरवेळी तोच पाय. मी वहीत कधी लिहिला नव्हता, कारण मी कधी एवढी जवळ थांबलीच नव्हती. तो पाय आला की छोटी कोपरखळी. मोठं काहीच नाई. कोपरखळी, कोपरखळी. असा जिंकली मी चौथा राउंड, मुंगीसारखा.

पाचव्यात त्याले कळलं होतं. त्यानं पाय मारणं बंद केलं. दोघंही जवळजवळ उभे, कोणीच मारत नाई. मागून कोणीतरी म्हटलं, गेम अटकला का. माझ्या हाताले घाम आला होता. मले उडी मारावीशी वाटली, दादा, एवढी वाटली की अंगठा बटनावर गेला होता. नाई मारली. शेवटी त्यानंच काठी उचलली. मी त्याच्या आत होती. हातोडा पूर्ण फिरवला.

जिंकली.

दुकानात गोंधळ झाला. बापूरावभाऊ पेढे आणायले धावले. मले आनंद झाला आणि लगेच आठवलं. त्याले परत एकदा जागा भेटली नाई, आणि परत आपल्याच घरातल्या माणसानं घेतली. मी त्याच्याकडं पाहू शकली नाई. तो उठला, कंट्रोलर टोपलीत ठेवला, बॅग घेतली. त्याले मोहर्लीची बस पकडायची होती, बुधवारी सकाळी पहिली सफारी त्याची असते. पेढा त्यानं घेतला. अर्धा खाल्ला, अर्धा कागदात बांधला.

मी त्याच्यामागं गल्लीत गेली. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तोच बोलला. म्हणाला, पुढच्या वर्षी या जागेवर मी येतो, तयार राय. आणि मग खेळातला माझा एक दोष सांगतला. एकच. म्हणाला, मले चौथ्या राउंडात दिसला, पण तोवर उशीर झाला होता. नागपूरचे लोक पहिल्याच राउंडात पाहतील.

तो दोष काय ते मी तुले लिहत नाई. राग नाई तुझ्यावर. थोडा आहे. पण ते मी तुले सांगतलं की तू उपाय लिहून पाठवशील, आणि मी तो करीन, आणि परत तुझ्या हातानं खेळीन. नागपूरले अजून सतरा दिवस आहेत. मी सकाळी उठली की ते आठवते, फॉर्म भरताना आठवते, आई दोनदा हाक मारते तेव्हा ऐकू येते. पाहू काय निघते त्याच्यातून.

तू पाच वर्षं कंट्रोलर धरला नाई म्हणतो. हत्ती गेले की सुटी घे, घरी ये, आईच्या हातचं जेव, आणि मंगळवारी माझ्यासोबत चंद्रपूरले चल. शिकवायले नाई. माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसायले. प्रफुल मागं उभा राहून पाहीन, त्याले मी आधीच विचारून ठेवते. आणि मी सैल खेळणार नाई, हे आत्ताच सांगून ठेवते.

तुझी,
पुनम